दैवशालाबाईंच्या डब्याची तीन चित्रं

मिनाज नेमकं काय काम करते, हे तिच्या अम्मीला शेवटपर्यंत कळलं नाही. गल्लीत कुणी विचारलं, की कुलसुमबी सांगायची, "नक्शे बनाती मेरी बेटी." लोकांना वाटायचं, पोरगी भूमी अभिलेख खात्यात आहे. मग कुणीतरी शेताच्या बांधाचं भांडण घेऊन यायचं आणि मिनाजला समजावून सांगावं लागायचं, की नकाशे जमिनीचे नाहीत, कामाचे. विम्याचा दावा आला की तो आधी कुणाकडं जातो, तिथून पुढं कुठं, कोण हो म्हणतं, कोण नाही म्हणतं आणि कुठल्या टेबलावर तो महिनाभर पडून राहतो, हे सगळं चौकोन आणि बाण काढून दाखवायचं. पुण्याच्या एका कंपनीत ती बरीच वर्षं हेच करत होती.

वडील मुनवरभाई धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला बँकेत कारकून होते. मिनाज लातूरला कॉलेजात असतानाच ते गेले. नोकरी लागल्यावर तिचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा ठरवायचं कुणी मनावर घेतलं नाही. पुढं अम्मीला अर्धांगवायू झाला. धाकटा दानियाल हैदराबादला, त्याच्या घरात त्याचीच माणसं मावत नव्हती. मिनाज पुण्यातली खोली सोडून धाराशिवला आली. दर्ग्याच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली. अम्मीला भरवणं, कूस बदलणं, औषधं आणि मधल्या वेळेत चौकोन-बाण, अशी काही वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात अम्मीही गेली.

दानियाल दर शुक्रवारी नमाज झाली की फोन करायचा. "आपा, इदरकूच आजाओ ना." ती म्हणायची, "देखती." दोघांनाही ठाऊक होतं, की ती काही जाणार नाही.

तसं बघितलं तर दिवसभर तिच्या कानात माणसंच बोलत असायची. पुण्याची, बंगळुरूची, कधी परदेशातली. मीटिंग संपली की एकेक चेहरा पडद्यावरून पुसला जायचा. बाकीचे गेले तरी मिनाज लगेच बंद करायची नाही. तशीच बसून राहायची. मग थोड्या वेळानं पडद्यावर सूचना यायची, की इथं तुम्ही एकट्याच आहात, थांबायचं की निघायचं? तेव्हा ती निघायची. निघायची म्हणजे उठून चहा टाकायची.

नवरात्र संपून दिवाळी यायची होती, तेव्हा तिला तुळजापूरहून फोन आला.

"मुनवरभाईंची लेक ना गं तू? मी गौरीशंकर बोलतोय. वाशीच्या शाखेत होतो तुझ्या अब्बांबरोबर."

गौरीशंकरकाका तिला अंधूक आठवत होते. ईदला शिरखुर्मा प्यायला येणारे, उंच, किडकिडीत साहेब. निवृत्त झाल्यावर त्यांनी तुळजापुरात एक काम सुरू केलं होतं. म्हातारी, एकटी राहणारी माणसं, ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला गेलीत किंवा नाहीतच, त्यांना दोन वेळचा डबा घरपोच. एका बंद पडलेल्या लॉजचं स्वयंपाकघर मिळालं होतं. चार-दोन माणसं पगारावर होती.

"एक बाई गेली आमच्याकडची," ते म्हणाले. "डबा जात होता, तरी गेली. कुठं चुकलं ते मला बघायचंय. तू हेच करतेस म्हणे. कामाची चित्रं काढतेस."

मिनाजनं शनिवारी एसटी पकडली.

झालं होतं ते असं. दैवशालाबाई देवळाच्या खालच्या अंगाला, एका अरुंद गल्लीत एका खोलीत राहायच्या. मुलगा भागवत पुण्यात. डबा पोचवायचं काम कुमारकडं. कुमार पस्तिशीचा, मोपेडच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावून गावभर फिरायचा. एरवी तो दारात जाऊन हाक मारायचा, डबा हातात द्यायचा, रिकामा घ्यायचा. पण नवरात्रात त्या सगळ्या गल्ल्यांत गाड्या बंद. गर्दी इतकी, की माणसानं पाऊल उचललं तर ठेवायला जागा मिळायची नाही. म्हणून ठरलं, की त्या भागातले डबे कोपऱ्यावरच्या हळदी-कुंकवाच्या दुकानात ठेवायचे. ज्याचा त्यानं न्यायचा, नाहीतर शेजारच्यानं पोचवायचा. रिकामे डबे दुकानदार पोत्यात भरून ठेवायचा आणि कुमार ते पोतं तसंच उचलून आणायचा.

एके दिवशी दैवशालाबाई न्हाणीत घसरून पडल्या. त्यांचा डबा दुकानातच राहिला. दुकानदाराला वाटलं, बाई सणाला लेकाकडं गेली असेल. त्यानं भरलेला डबा पोत्यात टाकला. भांडी घासणाऱ्या शिवकांतानं डबा उघडला, अन्न तसंच बघितलं, गाईला घातलं आणि डबा घासून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. नवमीला बॅरिकेड थोडे बाजूला झाल्यावर कुमार स्वतः दारात गेला. हाक मारली. मग दार ढकललं. दैवशालाबाई जिवंत होत्या. त्याला बघून एवढंच म्हणाल्या, "आलास व्हय." त्यानं त्यांना उचलून गर्दीतून गाडीपर्यंत नेलं. सोलापूरला दवाखान्यात त्या आठवडाभरात गेल्या.

भागवत आला. आरडाओरडा करील म्हणून सगळे जीव मुठीत धरून होते. पण तो स्वयंपाकघरातल्या बाकावर शांत बसला आणि त्यानं एकच विचारलं, "पडायच्या आधी माझ्या आईशी शेवटचं कोण बोललं?"

कुणाला सांगता येईना.

हे काम चालवणाऱ्या ट्रस्टच्या मंडळींनी मात्र उत्तर काढलं होतं. कुमारला काढून टाका. पोचवायचं काम त्याचं, पोचलं नाही, विषय संपला. गौरीशंकरकाकांच्या मनाला ते पटत नव्हतं, आणि का पटत नाही हे त्यांना मांडता येत नव्हतं.

मिनाजनं पहिलं चित्र तिथंच, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलं. साधा फ्लोचार्ट. भाजी निवडली, स्वयंपाक झाला, डबे भरले, निघाले, पोचले, रिकामे परत आले, घासले. एका चौकोनातून दुसऱ्यात बाण. मध्ये एक चौकट तिरकी, त्यात प्रश्न: डबा दिला का? हो असेल तर पुढं जा, नाही तर काकांना फोन करा.

ट्रस्टचे एक सदस्य वाकून बघत होते. "हे बघा," ते त्या तिरक्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "इथंच. इथं कुमार 'हो' धरून चालला."

कुमार दारात उभा होता. तो बाहेर जाऊन मोपेडच्या पिशव्या झटकत राहिला.

मिनाजला वाईट वाटलं, कारण चित्र खोटं नव्हतं. फ्लोचार्ट असंच वागतो हे तिला माहीत होतं. काम एका ओळीत चालतं असं तो धरून चालतो आणि ओळ तुटली की तुटलेल्या जागी जो उभा असेल, त्याचं नाव घेतो.

पुढच्या शनिवारी तिनं दुसरं चित्र आणलं. यात कागदावर आडव्या पट्ट्या होत्या. एक पट्टी स्वयंपाकाची, एक कुमारची, एक दुकानदाराची, एक शिवकांताची, एक काकांची. पोहायच्या तलावात दोऱ्या लावून जशा वाटा पाडतात, तशा. तिच्या कंपनीत याला स्विमलेन म्हणायचे. कोण काय करतं आणि काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात कुठं जातं, ते यात लख्ख दिसतं.

शिवकांताला तिनं शेजारी बसवून घेतलं होतं. शिवकांता पदराला हात पुसत म्हणाली, "भरला डबा आला तर म्या काय करते? गाईला घालते. कुणाला भूक नसती, कुणाला भाजी आवडत न्हाय."

"कुणाला सांगता का?"

"कुणाला सांगू? मला कुणी इचारलंच न्हाय कधी."

मिनाजनं तिच्या पट्टीत लिहिलं, भरलेला डबा दिसला. तिथून बाण काढायला गेली, तर बाण जायला जागाच नव्हती. कुठल्याच पट्टीत नाही. दुकानदाराचंही तेच. डबा तसाच राहिला हे दोघांना कळलं होतं. ते पुढं न्यायची वाट कुणी पाडलीच नव्हती.

काकांनी कागद जवळ ओढला. "म्हणजे कुमारची चूक नाही."

"एकट्याची नाही," मिनाज म्हणाली.

शिवकांताचा चेहरा मात्र उतरला. "म्हंजी आता माझी व्हय?" असं म्हणून ती उठून मोरीपाशी गेली आणि पाण्याचा नळ मोठा सोडला. त्या आवाजात ती रडत होती की काय, ते कुणाला कळलं नाही. मिनाज मागून गेली, खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण इतक्या वर्षांत तिनं परक्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवलेला नव्हता. ती नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "तुमची नाही, मावशी. तुमच्यासाठी रस्ताच ठेवला नव्हता आम्ही." आपण 'आम्ही' म्हणालो, हे तिच्या बसमध्ये बसल्यावर ध्यानात आलं.

धाराशिवला परतताना तिला भागवतचा प्रश्न टोचत राहिला. दुसऱ्या चित्रात सगळे होते. स्वयंपाकी, पोचवणारा, घासणारी, दुकानदार. नव्हत्या त्या दैवशालाबाई. ज्यांच्यासाठी डबा निघायचा, त्यांची पट्टीच नव्हती.

तिसरी एक रीत असते. तिला सर्व्हिस ब्लूप्रिंट म्हणतात. तिच्यात कागदाच्या अगदी वर, पहिल्या ओळीत, सेवा घेणारा माणूस येतो. तो काय करतो, काय बघतो, कशाची वाट बघतो. त्याच्या खाली एक रेघ. रेघेच्या लगत त्याला दिसणारी माणसं, आणि आणखी खाली दुसरी रेघ, तिच्यापलीकडं त्याला न दिसणारं सगळं: चुली, पोती, मोऱ्या. कंपनीत मिनाजनं अशी कितीतरी चित्रं काढली होती. वरची ओळ ती खुर्चीत बसून भरायची. ग्राहक ॲप उघडतो. ग्राहक माहिती भरतो. ग्राहक वाट बघतो. पण इथं वरची ओळ भरायला बसली आणि हात थांबला. डब्याआधी म्हातारी बाई काय करते, हे तिला ठाऊक नव्हतं.

म्हणून तिनं रजा टाकली आणि सिताबाईंकडं जाऊन बसली. सिताबाई त्याच गल्लीतल्या, दैवशालाबाईंच्या दोन घरं वर. नवरा धनगर, मेंढरं राखता राखता गेलेला. मुलगी दिली होती वाशीला. कुमारनं दारातून ओळख करून दिली, "आज्जी, ह्या मिनाजताई. तुमच्यापाशी बसत्याल आज."

"बसू दे की," सिताबाई म्हणाल्या. "बसायला कुणी आलंय का कधी?"

सकाळभर मिनाज तिथं होती. तिनं वही आणली होती, पण लिहिण्याजोगं काही घडतच नव्हतं. सिताबाई दारात बसायच्या, आत जायच्या, पुन्हा दारात. मग उन्हं चढली तशा त्या उठल्या, आत गेल्या आणि लुगडं बदलून आल्या. धुवट, निळं, काठ विरलेलं.

"कुठं निघालात, आज्जी?"

"कुठं जायची? डबा यायची येळ झाली."

"डब्यासाठी लुगडं बदललंत?"

सिताबाईंना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटला असावा. "कुणीतरी येणार म्हटल्यावर!"

थोड्या वेळानं कुमारची हाक आली. डबा दिला, रिकामा घेतला, "बरं हाय ना आज्जी?" म्हणाला आणि पायऱ्या उतरला. बोलणं संपायच्या आत तो वळणावर दिसेनासा झाला. त्याला अजून कितीतरी दारं गाठायची होती. सिताबाई डबा मांडीवर घेऊन तो गेला त्या दिशेला बघत राहिल्या. डबा उघडायची त्यांना घाई नव्हती.

"नवरात्रात दुकानात ठेवत होते ना डबे," मिनाजनं विचारलं. "तेव्हा?"

"तवा लुगडं बदललं न्हाय म्या," सिताबाई म्हणाल्या. "कशाला बदलू?"

मग त्या आपणहून दैवशालाबाईंचं सांगायला लागल्या. नवरात्रात सोलापूरकडून अनवाणी चालत येणारे भक्त त्या गल्लीतून वर जायचे. दैवशाला दारात कळशी घेऊन बसायची आणि त्यांना पाणी द्यायची. पडली त्याच्या आदल्या सांजेला एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली होती, कर्नाटकातली असावी, भाषा नीट कळत नव्हती. दैवशालानं लेकराला पाणी पाजलं, त्याचे पाय धुतले. दोघी काहीतरी बोलल्या, हसल्या. "काय कळलं एकमेकींना, त्यांनाच ठावं. मग ती आत गेली आन् दार लावलं. त्यापुढं म्या तिला बघितलं न्हाय."

मिनाजनं वही उघडली, पण त्यात काहीच लिहिलं नाही.

तिसरं चित्र तिनं घरी काढलं. अम्मीची खाट होती त्या जागी आता मोठं टेबल होतं. कागदांना कागद जोडत गेली, कारण वरची ओळ संपेना. उठते. दारात बसते. लुगडं बदलते. हाक ऐकते. डबा घेते. माणूस जातो तिकडं बघते. मग नवरात्रातला भाग: दुकानापर्यंत जाते, नाहीतर शेजारचं कुणी आणून देतं. आणि तिथं, हाक ऐकते या जागी, पांढरा कागद. बाकी सगळे चौकोन भरलेले, पोती-मोऱ्या चालू, बाण जागच्या जागी. स्वयंपाकघराला डबा ही वस्तू वाटत होती. वरच्या ओळीत ती कुणीतरी आल्याची खूण होती, आणि गर्दीत आपण नेमकी तीच काढून टाकली, असं तिला दिसलं.

तिनं त्या कागदाकडं बघितलं आणि तिच्या मनात आलं, की आपल्या दिवसाची वरची ओळ कुणी भरायला बसलं तर काय लिहील. तो विचार तिनं पुढं जाऊ दिला नाही. पण त्या दिवशी तिनं भात टाकला तो जास्तच पडला, आणि तिनं तो तसाच झाकून ठेवला.

ट्रस्टच्या बैठकीत तिनं तिन्ही चित्रं भिंतीला लावली. काय कशातून दिसतं ते सांगितलं. नव्या माणसाला काम शिकवायचं असेल तर पहिलं पुरतं. हाताहातांतली गळती शोधायची तर दुसरं. आणि आपण हे कुणासाठी करतोय ते विसरायला होत असेल तर तिसरं. पहिल्या चित्रावर बोट ठेवणारे सदस्य तिसऱ्यापुढं बराच वेळ उभे होते. "हे फार मोठं झालंय," शेवटी ते म्हणाले. "भिंतीवर मावायचं नाही. आणि लुगड्याचं काय करायचं आपण?"

"काही करायचं नाही," मिनाज म्हणाली. "माहीत असू द्यायचं."

कुमारचं काम टिकलं. दुसरं चित्र भिंतीवर लागलं, त्यात शिवकांताच्या पट्टीतून काकांच्या पट्टीत जाड लाल बाण काढलेला. आता भरलेला डबा आला, की शिवकांता हात न पुसताच काकांना फोन लावते. गर्दीच्या दिवसांत डबा दुकानात ठेवायचा नाही, दोन माणसं पायी लावायची, असंही ठरलं. दारात क्षणभर टेकायचं, हा मिनाजचा आग्रह मात्र कागदावरच राहिला. एकटा कुमार किती ठिकाणी टेकणार? तिसरं चित्र काकांनी गुंडाळून कपाटावर ठेवलं.

भागवतला फोन करायचा कुणाला धीर होईना, तेव्हा तो मिनाजनंच केला. तिनं त्या परक्या बाईचं आणि लेकराचं सांगितलं.

मग तो म्हणाला, "हसली होती म्हणता?"

"सिताबाई म्हणाल्या तसं."

"बरं झालं," तो म्हणाला. मग त्यानं फोन ठेवला.

त्यानंतर मिनाज रविवारी तुळजापूरला जाऊ लागली. कुणी बोलावलं नव्हतं. कुमारच्या दोन-चार गल्ल्या ती पायी करायची आणि दारात टेकायची. सिताबाई तिला "मिनू" म्हणायला लागल्या. त्यांनी तिच्या लग्नाचं विचारलं, अम्मीचं विचारलं, नमाज कशी पढतात ते विचारलं. इतके प्रश्न मिनाजला कित्येक वर्षांत कुणी विचारले नव्हते. सोमवारी कामाला बसल्यावर तिला आदल्या दिवशीचं काही ना काही आठवायचं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी सिताबाईंच्या दाराला कुलूप होतं. कुमारला विचारलं, तर तो म्हणाला, "वाशीला नेलं लेकीनं. कायमचं. लई चांगलं झालं की, ताई."

"चांगलं झालं," मिनाज म्हणाली. आणि ते खरंच होतं. म्हातारीला लेक मिळाली, नातवंडं मिळाली. निरोप ठेवायचा असतो हे बहुधा घाईत राहिलं असेल. पायरीवर कुणाची तरी मांजर झोपली होती. मिनाज थोडा वेळ तिच्याजवळ उभी राहिली आणि बाकीच्यांचे डबे घेऊन वर निघाली.

वरच्या अंगाला शिवपुत्रमामा राहायचे. अक्कलकोटकडचे, जन्म गवंडीकामात गेलेला, ऐकू कमी यायचं, मराठी तुटक. ते कधी दार पूर्ण उघडायचे नाहीत. फटीतून हात बाहेर यायचा, डबा आत जायचा, "आयतु, आयतु" म्हणजे झालं झालं असा आवाज यायचा आणि दार बंद. मिनाजनं पूर्वी दोनदा बसू का विचारलं होतं. उत्तर मिळालं नव्हतं.

आज तिनं विचारलं नाही. डबा दिला आणि दार लागल्यावर तिथंच पायरीवर बसली. ऊन तापलं होतं, पण भिंतीची हातभर सावली होती. आतून डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग ताटलीवर भाकरी मोडल्याचा, पाण्याचा तांब्या टेकवल्याचा. तिनं पाण्याची बाटली काढली आणि दोन घोट प्यायली.

दार पुन्हा तेवढंच उघडलं. रिकामा, विसळलेला डबा पायरीवर ठेवायला बाहेर आला. डब्यामागून मामांचा अर्धा चेहरा दिसला. ती अजून तिथंच आहे हे बघून ते जरा दचकले.

"गेला नाय?" त्यांनी विचारलं.

"जाते आता."

त्यांनी तिच्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, काहीतरी कानडीत पुटपुटले. मग दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला. मिनाजनं डबा पिशवीत घातला, ओढणी डोक्यावरून घेतली आणि एसटी स्टँडच्या उताराला लागली.